उजव्या दाराची मालकीण

न्हाय हो अण्णा, गुमास्ता लायसन काढायचं न्हायच—ते हाय की माझ्याकडं! हे बघा. महादेवी वीरभद्रप्पा, किराणा दुकान. मीच ती. सात वर्सं झाली मालकीण हाय मी—कागदावर. गल्ल्यावर बसतोय माझा दीर, ईश्वरप्पा. मला विक्रीकराचा नंबर पायजे. व्हय, कर भरायला आले मी! हसताय काय? तुमी हितं विक्रीकर हापिसाच्या दारात बसून अर्ज लिहिताय, तुमाला का ठाव न्हाय? दुकान एकच, पर विक्री लई दिसली की कर लागतोय, म्हणून नावं दोन—डावं दार दिराचं, उजवं माझं. मधी भिंत न्हाय. हापिसर येणार कळलं की साखरेची पोती रचून भिंत करायची, तो गेला की काढायची. कोण रचायचं? मीच की! सातव्या म्हैन्यात होते तवा बी वढली पोती. दीर म्हणला, वयनी, आटपा, जीप आली. आमचे हे बाजूलाच उभे हुते, धाकट्या भावाला कधी न्हाय म्हणाले न्हाईत. त्याच दुपारी पोट दुखाय लागलं, आन् लेकरू... ऱ्हाऊ द्या. ते लिहू नका. ते कुटल्या फारमात बसतंय?

आता हे गेले. वर्सश्राद्ध झालं, आन् दुसऱ्या दिवशी ईश्वरप्पानं चार गिऱ्हाइकांसमोर माझ्या हातातनं किल्ली घेतली. म्हणला, वयनी, तुमी वैरागला भावाकडं जावा, तुमचा दुकानाशी काय संबंध? काय संबंध! तवाच ठरवलं मी—संबंध काय, ते हापिसरालाच इचारूया. लिहा—उजव्या दाराचं दुकान मालासकट माझं, नंबर द्यावा. मग हापिसर बघायला येईल. आणीबाणी हाय, आता साहेब लोक चहा पिऊन परत जात न्हाईत. ईश्वरप्पाला इचारतील, हे दुकान कुणाचं? वयनीचं म्हणला, तर किल्ली माझी. माझंच म्हणला, तर सात वर्सांची चोरी त्येच्या तोंडानं कबूल झाली. मला दोन्ही चालतंय. त्येचा चेहरा बघायचाय मला, बास.

माझ्यावर बी येईल? येऊ दे की! सह्या माझ्याच हायत, मी कुटं न्हाय म्हणते? दंड करू दे, आत टाकू दे—ईश्वरप्पा शेजारच्या बाकावर असला म्हंजे झालं. अवो, पेन का मिटताय? दुसऱ्याकडं जा म्हणताय? दुसऱ्याकडं गेले असते की, रांगेनं चौघं बसल्यात. मी तुमालाच हुडकत आले, सकाळधरनं तिगांच्या टेबलावरचं अक्षर बघत. लायसन दरवर्सी नवं करायचे हे सात फारम बघा—खाली सही माझी, वरचं समदं अक्षर तुमचं. दोन्ही दारांचे फारम दीर तुमच्याकडनंच लिहून न्यायचा. एकच दुकान हाय, हे तुमाला ठाव हुतं न्हवं? आँ? मग?

हापिस उघडलं बघा. घ्या पेन. लिहा.