पूजेतली कुऱ्हाड

हॅलो?

हां, भाविका… बोल.

नाही गं, निघाला नाही अजून तुझा दादा… हो, दिसते ना. रोहनभावजींची गाडी खाली उभीच आहे, खिडकीतनं बघतेय मी. तू वाडीवरनं त्यांना एक मेसेज टाक जरा, हॉर्न नका मारू. अख्खी सोसायटी गॅलरीत आलीय.

काय झालं म्हणजे… काय सांगू तुला. कुऱ्हाड झाली.

अगं, कुऱ्हाड, कुऱ्हाड! तुमच्या पालीच्या वाडीवर टेंटमध्ये राहायला जाणार म्हणून घेतलेली ना, ती. छोटी.

हरवली असती तर बरं झालं असतं. समोरच आहे. देवापुढे. झेंडूचं फूल वाहून.

हसू नको… नाही ना, भाविका, हसू नको, माझ्यात हसायची ताकद नाही. ऐक. आज खंडेनवमी ना? आईंनी सकाळी पाट मांडला. विळी, कोयता, सुऱ्या, माझी मशीनवरची कात्री, बाबांची ती मिठागरातली फावडी… सगळं धुऊन पुसून ठेवलं. आणि दारामागे किल्ल्यांच्या खिळ्याला ही कुऱ्हाड अडकवलेली होती, तीपण नेऊन ठेवली. हळद लावली, कुंकू लावलं. मी आपली किचनमध्ये गवार मोडत बसलेली. हाताने! सुरी पाटावर, कापणार कशाने?

हो, तेच तर. आता उद्या दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. तुला काय सांगायचं, तुझ्याच घरचं. मी नवीन होती तेव्हा नवमीला कांदा कापायला विळी उचलली, तर तूच केवढ्याने ओरडलेलीस.

ओरडलेलीस गं. मला आठवतंय ना.

आईंना बोलली मी. बोलली, आई, ही त्याची पिकनिकची आहे, ही कशाला? तर बोलतात, “नवीन हत्यार घरान आयलाय, त्याला पयली पूजा नको?” आणि आता उचला बोलली, तर, “पुजलेला हत्यार हाय, उद्यापरत हलवाचा नाय.” झालं. विषय संपला.

तू बोलून काय होणार? रोज फोनवर बोलतेसच ना त्यांच्याशी. बीपीची गोळी घ्या बोललीस, ती ऐकली का?

मग? मी पण तेच बोलली. बिनकुऱ्हाडीचा जा. रोहनभावजी आहेत, वाडीवर कोयता आहे, लाकडं आयती फोडलेली आहेत. चहापुरती शेकोटी करणार तुम्ही… पण उठतच नाही गं. सॅक मांडीवर घेऊन सोफ्यावर बसलाय. बूट घातलेत. एका बुटाची नाडी सोडतो, परत बांधतो. नुसता त्या पाटाकडे बघतोय.

हळूच बोलतेय, मी आत आहे. बेडरूममध्ये. दार? दार कुठलं लावते, भाविका… आमच्या घरात दार लागतं का?

तुला माहीत नाही काय ते? कड्या काढून टाकल्यात सगळ्या. कंपनीतलं ते झालं, तेव्हापासून. बेडरूमची, किचनची, बाथरूमचीसुद्धा. मेन दार फक्त रात्री लोटतो, तेपण मध्ये चप्पल ठेवून. मी दारात बादली ठेवून, फट उघडी ठेवून आंघोळ करते. वर्ष होऊन गेलं. आंघोळ करताना बाहेरून विचारतो, “उन्नती, आहेस ना?” आहे बाबा. जाणार कुठे?

नाही, तक्रार नाही करत. तुझ्याकडे नाही करायची तर कोणाकडे करू… दमलीय गं. ऑफिसात पण झोप येते आता. दोन दिवस. फक्त दोन दिवस तो तुमच्याबरोबर गेला असता, नदीवर बसला असता, चार माणसांत जेवला असता. गेटच्या बाहेर पाऊल टाकलं असतं त्याने. आणि मी दार लावून आंघोळ केली असती. एवढंच मागितलेलं मी देवीकडे. उद्या लोक सीमोल्लंघन करतील, माझा नवरा उंबरा ओलांडेना.

हां… आहे, आहे. बोल.

दुसरी घ्या रस्त्यात? भाविका, तुला काय माहीत ही एक निवडायला काय काय झालंय ते. गणपतीच्या आधीपासून चाललंय हे. रोहनभावजी बोलले ना, टेंट टाकूया वाडीवर, तर हा पटकन बोलला, मग एक छोटी कुऱ्हाड लागेल. मी किती खूश! म्हटलं, चला, कुठे तरी जायचं मनात तरी आलं. मीच मोबाइल दिला हातात. बघ बोलली, कुठली हवी ती.

पहिली आली लाकडी दांड्याची. मस्त होती, हलकी. बोलला, लाकूड जळतं. परत पाठवली. मग फायबरच्या दांड्याची. बोलला, हे वितळेल. परत. मग अख्खी लोखंडी. तर बोलला, तापली तर हातात धरणार कशी? मी बोलली, अरे चहा करणार आहेस की होळी पेटवणार आहेस? कुऱ्हाड विस्तवात घालतं का कोणी?

…हो. तेव्हा नाही कळलं मला. चिडली मी. खूप बोलली त्याला.

थांब ना, सांगते. मग बोलला, ऑनलाइन नको, हातात घेऊन बघायला पाहिजे. पण स्वतः जाणार नाही! मग ऑफिस सुटल्यावर मी गेली पावणे गावात, करीमभाईंच्या हार्डवेअरमध्ये. विचार कर, दुकानात मी, एका हातात मोबाइल, व्हिडिओ कॉलवर हा, दुसऱ्या हातात कुऱ्हाड. बाहेर रिक्षावाले बघतायत. आणि हा फोनवरून, “वर ने. खांद्यापर्यंत ने. आता डोक्याच्या वर. मनगट दुखतं का? परत मार. दमलीस का?” मी बोलली, अरे, वापरणार तू, माझं मनगट कशाला बघतोस? करीमभाई बिचारे, कपाटातनं एकेक काढून देतायत. ही मागे हातोडी असलेली, ही जरा लांब दांड्याची, ही आंबेवाले नेतात ती…

ही? ही शेवटची. छोटीच आहे, पातं रुंद, अख्खी लोखंडी, पण दांड्याला चामडं गुंडाळलंय. ती उचलली तर खरंच हाताला बसली. ऐक ना… आणि मग त्याने फोनवरून विचारलं. “करीमभाई, हिने लोखंडी दार उघडेल का? बाहेरून कडी असेल तर?”

हो गं… दार.

करीमभाई मोबाइलजवळ आले. मग बोलले, “ही लाकडाची आहे, बेटा. कडीवर मारशील, कोयंडा निघेल. दार नाही तुटायचं.” तर हा लगेच, “कोयंडा निघाला तरी चालेल.” मला हातातलं खाली ठेवता येईना. नामा आठवला, याच्याबरोबर कामाला होता तो. कंपनीत आग लागली तेव्हा नामा त्या दाराच्या आत होता ना… हा बाहेर. हाताने ओढत होता कडी, वाकडी झालेली, शेवटपर्यंत उघडली नाही.

नाही, मला पण नाही सांगितलं कधी नीट. नामाची बायको बोलली मला, सुंदराबाईंच्या दुकानात भेटली तेव्हा. आणि मी या माणसाला बोललेली, होळी पेटवणार का. जीभ का नाही झडली माझी.

कोणालाच नाही सांगितलं. तुला आत्ता सांगतेय. आईंना काय सांगणार? त्यांना वाटतं पोरगा नोकरी गेली म्हणून घरी बसलाय. टिफिनच्या पिशवीत घालून आणली ती, बसमध्ये मांडीवर घेऊन बसली. बाजूची बाई बोलते, जड आहे का डबा? म्हटलं, हो. जड आहे.

रडू नको गं. तू रडलीस तर मी कोणाकडे बघू…

तेच तर बोलतेय मी! म्हणून तो कुऱ्हाडीशिवाय निघत नाहीये. तिथे शेकोटी असणार, टेंट असणार, चेनवाला. चेन अडकली तर? असंच काय तरी असेल डोक्यात. मग मी आईंना काय समजावू? आणि त्याला काय समजावू?

काय?… नाही, रोहनभावजींना वर नको पाठवू. ओढून न्यायचा नाहीये त्याला. तसं नको, प्लीज. जरा थांबू दे त्यांना. चहा प्यायला सांग नाक्यावर.

थांब. थांब एक मिनिट… उठला तो.

पाटाकडे गेला. आईंच्या बाजूला खाली बसला. बुटं घालून! आई काही बोलल्या नाहीत, बघ.

बोलतोय काय तरी. तू गप्प बस जरा, मला ऐकू दे.

…विचारतोय आईंना. “आई, आज रात्री घरात काही झालं, आग-बिग, तर उन्नतीला ही उचलू देशील का? की उद्यापर्यंत हात नाय लावू देणार?”

भाविका…

भाविका, त्याला न्यायची नव्हतीच गं ती.

अगं न्यायचीच नव्हती! म्हणून तर दारामागे अडकवलेली. मला वाटलं, जाताना विसरू नये म्हणून. सॅक कधीची भरून तयार आहे, त्यात जागापण नाही. आमच्यासाठी घेतली त्याने. माझ्यासाठी. तो नसताना आम्ही दोघी आत अडकलो तर… आणि आता पूजेला ठेवली, तर आई हात लावू देणार नाहीत, म्हणून अडलाय सकाळपासून. म्हणून मनगट बघत होता माझं. वर ने, परत मार, दमलीस का…

थांब, आई बोलतायत.

नाही, ओरडत नाहीत. हळू बोलतायत. वेड्यात काढतायत त्याला, “येरा हास काय?” बोलतात. “घरला काय झायला त पयला हात मीच घालीन. देव काय बोलाचा नाय. त्यालाच सांगून ठेवलाय मी, हा हत्यार घर राखाला हाय.”

हो. असंच बोलल्या. फूल जरा बाजूला सरकवलं त्यांनी. दांडा मोकळा केला, माझ्या बाजूचा. कुऱ्हाड हलवली नाही हां, फूल फक्त.

त्यांना सगळं माहीत होतं वाटतं गं. मीच उगाच लपवत बसली.

येतोय तो इकडे. थांब, ठेवू नको…

…

हां. आहे. आहे मी.

काय नाही. बोलला, “एका हाताने धर, चामडं आहे तिथेच. कडीवर नको मारू, कोयंड्यावर मार.” मी बोलली, हो. बोलला, “तुझ्या हाताला बसेल अशीच घेतलीय.” मी बोलली, माहितीये. अजून काय बोलणार?

सॅक घेतली. आईंच्या पाया पडतोय. आई सोनं देतायत, आपट्याचं, आजच! उद्याचं आजच घे बोलतात. बघ, तुझी आई पूजेतली सुरी हलवत नाही, पण दसरा आदल्या दिवशी करते.

जिन्याने जाईल. लिफ्टने नाही जाणार, ते सोड. रोहनभावजींना सांग, त्याला पुढे बसवा, काच खाली ठेवा. आणि रात्री टेंटची चेन उघडी ठेवली तर कोणी काही बोलू नका. डास चावले तर चावू दे. आणि नामाचं त्याने स्वतः काढलं तरच…

हो, तुला कळतंय. कळतंय तुला. मीच आपली.

गेला बाहेर. चप्पल काढली दारातली… ती मध्ये ठेवतो ना, ती. हातात घेऊन उभा आहे.

…

भाविका.

अगं… ओढून घेतलं.

दार! दार ओढून घेतलं त्याने बाहेरून. लॅच लागलं. टक्क झालं. ऐकू आलं का तुला?

नाही रडत… नाही गं, खरंच. आई पण दाराकडेच बघतायत.

हो, दिसला. खाली दिसला आत्ता. गेटपाशी. वर बघतोय. मी हात केला. बसतोय गाडीत… बसला. पुढेच बसला.

चल, ठेवते. पोचले की एक मेसेज टाक फक्त. फोन नको करू, झोपलेली असेन मी.

आत्ता? आत्ता काय, गिझर लावते. आंघोळ करते…

हो गं. दार लावून.