एकच मिस्सा, दोनदा

विलायती गाणं मले लय समजते. म्हणजे कधी संपलं, तेवढं बरोबर समजते.

परतवाड्याच्या चर्चमधी आमचा दोस्त सॅम्युअल गाणं शिकवते. नाताळच्या मिस्साले, म्हंजे चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनेले, त्याले तीनशे वर्षांमागच्या बरोक काळातलं, फारसं कोणाले ठाऊक नसलेलं मिस्साचं गाणं बसवाचं होतं. पण गाणारे उरले आठ.

"याचे दोन रेकॉर्डिंग हायेत. एक शंभर जणांचं, एक दहा जणांचं. लाव, आमाले जमंल का पाहू," सॅम्युअल मले म्हणे.

मी दहावालंच दोनदा लावलं. दुसऱ्या खेपेले हसू दाबाले तोंडात रुमाल कोंबला.

"पहिल्यात नुसता गलबला," सॅम्युअल म्हणे. "दुसऱ्यात एकेक आवाज साफ ऐकू येते. आठांत जमते गड्या, हेच बसवतो!"

"अबे, दोन्ही एकच होते!"

"मालूम हाय मले. पहिल्या खेपेले तू संगं गाऊन राहिला होता."