गवत नऊ इंचांच्या वर

...आणि वर पुन्हा नगरपालिकेचे लोक मलाच विचारतात, नियम वाचलेत का म्हणून! अहो, मी? तुम्हाला सांगतो, आमच्या अख्ख्या भागात ती घरदेखभालीची नियमावली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोणी वाचली असेल तर ती मी, आणि तिथंच सगळा घोळ झाला. भिंतीचे पोपडे दिसता कामा नयेत, पन्हळ लोंबता कामा नये, बंद पडलेली गाडी अंगणात महिन्याच्या वर ठेवायची नाही, आणि गवत नऊ इंचांच्या वर नाही म्हणजे नाही. सगळं तोंडपाठ. मी आपला नियमाने वागणारा माणूस!

म्हणून तर घराला रंग काढला. आणि आमची अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, शेजारच्याच घरात राहते, दाजी गेल्यापासून एकटी, ती कुंपणापाशी आली, डोळे बारीक करून बघितलं आणि रंगाऱ्यासमोर, अहो परक्या माणसासमोर, म्हणते कशी, "खोकल्याच्या औषधाचा रंग दिलास का रे?" रंगारी शिडीवर हसतोय! आता मला सांगा, राग येईल का नाही? तीन आठवडे बोललो नाही मी तिच्याशी. बायको म्हणाली, साठी जवळ आली तुमची, शोभतं का हे? म्हटलं, तू मध्ये पडू नकोस.

पण काय होतं, बोलायचं नाही म्हटलं की माणूस नुसता बघत बसतो. तर अक्काच्या अंगणात गवत हे एवढं! कुंपणातून हात घालून पट्टी लावली. चौदा इंच. झालं... रागाच्या भरात कचेरीत अर्ज टाकला, तक्रारदाराचं नाव गुप्त राहील असं त्यावर छापलेलंच असतं, आणि गवत वाढलंय एवढं लिहून माणसानं थांबावं की नाही? छे! 'सदर गवतात साप असण्याची दाट शक्यता आहे' असंही ठोकून दिलं. साप कुणी बघितला? कुणीच नाही. पण मी आपला नियमाने वागणारा माणूस...

चौथ्या दिवशी कचेरीचा तपासनीस आला, गुडघ्यावर बसून गवत मोजलं आणि अक्काच्या दारावर नोटीस डकवून गेला. दहा दिवसांत कापा, नाहीतर आमची माणसं येऊन कापतील आणि दंड तुम्ही भरायचा. खोटं कशाला बोलू, खिडकीतून बघताना बरं वाटलं मला. आणि संध्याकाळी अक्काची हाक! इतक्या दिवसांनी! "चष्मा सापडत नाही रे, हे काय लिहिलंय तेवढं वाचून दाखव." वाचतोय तर काय, सदर गवतात साप... दाट शक्यता... माझीच वाक्यं माझ्याच बहिणीला मी मोठ्यानं वाचून दाखवतोय!

ती पायरीवर बसून ऐकत होती, उठली नाही. तेव्हा माझं लक्ष गेलं, गुडघे सुजून टम्म झालेले. त्या रंगाच्या दिवसानंतर ती पायरी उतरलीच नव्हती हो. दुकानदार सामान दारात ठेवून जायचा. आणि मी तिचा सख्खा भाऊ, वीस पावलांवर, पट्टी घेऊन गवत मोजत होतो. लाज वाटली मला. अक्का म्हणाली, "मला नाही होत रे आता हे घर. विकते आणि मुलाकडे शहरात जाऊन राहते." मी तडक घरी जाऊन विळा शोधायला लागलो.

दुसऱ्या दिवसापासून मी विळा घेऊन अक्काच्या अंगणात. आठ दिवस! कंबर मोडली, तळहाताला फोड आले, आणि अक्का पायरीवर बसून तक्रार करणाऱ्याचा उद्धार करतेय, मेल्याचे हात झडोत, त्याच्या घरात साप निघोत, आणि मी खाली मान घालून, हो ना अक्का, काय एकेक माणसं असतात... दुसरं काय म्हणणार? मी आपला नियमाने वागणारा माणूस!

नवव्या दिवशी तपासनीस आला, मोजलं, नोटीस काढून नेली. मला हायसं वाटलं, आणि उगाच साळसूदपणा करत म्हटलं, कोणी केली असेल गं तक्रार?

अक्का शांतपणे म्हणाली, "या बाजूला रस्ता, त्या बाजूला ओढा, मागे रान. आता यातलं कुणी अर्ज लिहितं का?"

म्हटलं, मग आठ दिवस त्या शिव्या?

"तुलाच. पाठीमागे देणं बरं दिसत नाही."

विचारू नये ते शेवटी विचारलंच, आणि मुलाकडे जायचं ठरलंय का? तर म्हणते, "गवत किती वाढतंय ते बघू, मग ठरवू."

तेव्हापासून दर शनिवारी मी तिचं अंगण साफ करतो आणि घरी येऊन आडवा होतो. माझ्या स्वतःच्या गवताकडे बघायला अंगात त्राणच उरत नाही. काल माझ्या दारावर नोटीस. कोणी तक्रार केली, मी विचारलंसुद्धा नाही. म्हटलं, करू दे बापडी... तक्रार करायला शेजारी तरी आहे.