एसीला कुंकू

आमच्या एसीची तऱ्हा ऐका. बहिणीला बघायला कागलचं पावणं आल्यालं, उकाडा मरणाचा, आणि नवा एसी चालूच हुईना. रिमोटचे सेल बदलले, मेन स्विच बघितला, काय भानगड कळंना. पावणं टोपीनं वारा घ्याय लागलं. बाबा कानात म्हणालं, "अब्रू घालवतोस व्हय रं?"

शेवटी स्टुलावर चढलो. परवाच्या खंडेनवमीला आईनं गाडी, मिक्सर, सगळ्याला हळदीकुंकू लावल्यालं. एसीला लावल्यालं ते बरोबर रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या बारक्या काचेवर! पुसून रिमोट दाबला, तसा एसी सुरू.

आई हरखली. "देव पावला की रं!" म्हणत स्टुलावर चढली आणि तिथंच ताजं कुंकू लावलं.

आता रिमोटनं एसी बंद हुईना, आणि आई त्याला हात लावू दीना. पावण्यांनी बहीण बघितली ती आमच्या चादरी पांघरूनच.