बाईंची हजेरी

जय भीम. रामराम, मंडळी. बाईंचा जलदान विधी सकाळीच झाला, तरी तुमी सगळे या शाळेच्या व्हरांड्यात थांबलात. मला बोलायला उभं केलंत. खरं सांगू का? इथं बोलायचा हक सगळ्यात कमी माझा हाय. तरी बोलू द्या.

बाईंनी मला पहिली ते चौथी शिकवलं. रिटायर झाल्यावर माणसानं घरी बसावं का न्हाई? न्हाई बसल्या. अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी तलाठ्याच्या हापिसाच्या भिंतीला लागायची. मुंगीएवढी अक्षरं. कुणाला दिसायचं न्हाई, कुणाला वाचता यायचं न्हाई. बाई ती यादी हातानं उतरून आणायच्या आन् याच व्हरांड्यात हजेरी घ्यायच्या. नाव, गट नंबर, क्षेत्र. ज्याचं नाव, त्यानं उभं राहून 'हजर' म्हणायचं. सत्तरीचे म्हातारे 'हजर बाई' म्हणायचे आन् बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आठवतं ना?

मेलेल्या माणसाचं नाव आलं की बाई थांबायच्या. शिवी न्हाई, आरोप न्हाई. फकत थांबायच्या. मग त्या नावावर पैसा उचलणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "सरकारचा पैसा आहे रे, चारचौघांत घ्यायला लाज कशाची?"

परसालच्या हजेरीत माझं नाव आलं. हजर म्हणलो. थोड्या वेळानं पुन्हा माझंच नाव आलं. गट दुसरा. तो गट आपल्या पारूअक्काचा. नवरा गेल्यापासून वढ्याकाठचा तो तुकडा ती एकटी कसती. आज सांगतो, पंचनामा माझ्या ओट्यावर बसून लिहिला होता. लिहिणाऱ्यानं विचारलं, "वढ्याकडचं बी तुमचंच का?" मी म्हणलो, "लिवा." एवढा एकच शब्द.

बाईंनी नाव घेतलं. एकदा. दोनदा. तीनदा. चष्म्यावरून माझ्याकडं बघत ऱ्हायल्या. समोर पारूअक्का बसलेली. मी चप्पल पायात घातली आन् निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी बाई घरी आल्या. म्हणाल्या, "पारूच्या नावानं अर्ज मी लिहून आणलाय, तू फक्त संमतीची सही कर." मी काय म्हणलो असेन, मंडळी? म्हणलो, "बाई, तुमाला गावात दुसरा उद्योग न्हाई का?" पाणी सुदीक विचारलं न्हाई. भर उन्हाची आलेली माझी बाई माझ्या दारातून तहानलेली गेली. हे मी कुठं फेडू?

तवापासून बाई दिसल्या की मी रस्ता बदलायचो. बाई मात्र पारूअक्काला घेऊन परभणीला खेटे घालायच्या. गुडघा धरून एसटीत चढायच्या. मला वाटायचं, कागदावर मला चोर म्हणून लिहिलं असंल. काल पारूअक्कानं तो अर्ज माझ्या हातात दिला. त्यात बाईंच्या अक्षरात लिहिलंय, 'शेजाऱ्याकडून नजरचुकीने नाव लागले.'

नजरचुकीने! मी डोळे उघडे ठेवून खाल्लं, आन् बाईंनी नजरचूक लिहिली. लय रडलो, मंडळी. पण बैल गेला आन् झोपा केला, आता काय उपयोग?

पारूअक्का, त्या अर्जावर मी सकाळी सही केलीय. हा बघ कागद. उद्या तुज्यासंगं तहसीलला येतो, तुजं तुला मिळंपर्यंत येत ऱ्हातो. आन् यंदाची यादी भिंतीला लागलीय. ती मी उतरून आणीन. अक्षर बाईंनीच शिकवलंय.

आता दोन मिनिटं उभं राहू. त्याआधी बाईंना उत्तर द्यायचं ऱ्हायलंय. त्यांनी तीनदा नाव घेतलं होतं.

बाई, तो गट माझा न्हाई. पारूअक्काचा हाय.

एवढंच म्हणायचं होतं, बाई. तुमी ऐकायला होता तवा म्हणलो न्हाई.

उभे ऱ्हा, मंडळी.