अध्यक्षांची डबी

हॅलो?… हो, कमलिनीच बोलते आहे. कोण?… अहो, वसंतराव! मंडळाच्या अध्यक्षांनी आपण होऊन मला फोन करावा, म्हणजे… नमस्कार, नमस्कार. बोला.

… छे, व्यत्यय कसला? पुरण चाललं आहे. सूनबाई वाटतात, मी नुसती चव सांगते. निवांत बोला.

… कोण त्रास देतं आपल्याला?… क्लिनिकची नर्स? रोज फोन करते? तो कशासाठी?

… कुजबुजू नका हो, मला कमी ऐकू येतं. ऑफिसात आहात का? मग दार लावून घ्या.

… असं. अस्सं. म्हणजे तो अकरावा मनुष्य आपण.

… नाही, नाही. मला नाव कुणीही सांगितलेलं नव्हतं. आतड्याच्या तपासणीची मोहीम मी पाहते खरी, परंतु क्लिनिक मला केवळ आकडे देतं. यंदा दुबई-शारजा मिळून अडीचशे डब्या वाटल्या, एकशे ऐंशी भरून परत आल्या. अकरा जणांच्या शौचात रक्ताचा अंश सापडला. दहा जण पुढच्या तपासणीला गेले. चौघांच्या आतड्यातले पॉलिप, म्हणजे मांसाचे कोंब, तिथल्या तिथे काढले. एकाचा कर्करोग अगदी आरंभी सापडला, शस्त्रक्रिया झाली, गृहस्थ आता हिंडूफिरू लागले आहेत. पाच जणांचं काहीच निघालं नाही. अकरावा मात्र फोन उचलत नाही, असं नर्स म्हणाली होती. तो कोण, हे आत्ता आपणच सांगितलंत.

… भिऊ नका. रक्त दिसलं म्हणजे कर्करोगच, असं नव्हे. मूळव्याधही असते. दुर्बीण घालून पाहिल्यावाचून कळत नाही, इतकंच. पाहून घ्या.

… ‘गरज नाही’ म्हणजे?

… वसंतराव, मला एक स्मरण करून द्यायचं आहे. अनुज्ञा असेल तर… नसली तरी देते. गेल्या वर्षीची संक्रांत. मरीनातला तो हॉल. डॉक्टरीणबाई डबी कशी वापरायची ते समजावीत होत्या, आणि आपण मध्येच माइक घेऊन म्हणालात, “तिळगूळ घ्या आणि डबी भरून द्या!” केवढा हशा पिकला. आमचे हेसुद्धा हसले.

… हो, विनोदच होता. शाप होता असं कुठे म्हणते मी? घरी आल्यावर ह्यांनी डबी कपाटात टाकली. “राहू दे गं, लोक चेष्टा करतील.” तेव्हा ह्यांना रक्त पडत होतं, वसंतराव. मला सांगायचा संकोच वाटला. त्या डबीला सांगितलं असतं.

त्या वर्षी चाळीससुद्धा डब्या परत आल्या नाहीत. आणि दिवाळीच्या आधी हे गेले.

… नको. सांत्वन तेव्हा हवं होतं. तेव्हा आपण फळांची करंडी धाडलीत, ड्रायव्हरच्या हाती. तो अर्सलान मात्र ह्यांच्या खाटेपाशी बसून राहिला, पाय चेपत. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

… हॅलो? जरा मोठ्याने बोला.

… अर्सलानचं काय?

… पुन्हा सांगा.

… अनुपमा, मिक्सर बंद कर गं. अगं, राहू दे पुरण, बंद कर म्हटलं ना!

… हं. डबी आपली. वर नाव आपलं, जन्मतारीख आपली. आणि आतला नमुना… अर्सलानचा.

… का हो?… लाज वाटली. फोटो मात्र हवा होता, पहिली डबी अध्यक्षांची म्हणून. आणि त्याला काय सांगितलंत?… कंपनीचं मेडिकल.

… म्हणजे आपण ठणठणीत आहात, तेव्हा नर्सला आवरा, एवढ्यासाठी हा फोन?… हसता काय? हा विनोद कोणाला सांगायचा आहे आपल्याला?

… तो राहतो कुठे आता? जबल अलीच्या कामगार-कँपातच ना?… कॅन्सल? त्याचा व्हिसा कॅन्सल करता आहात? त्याने केलं काय?

… उशिरा येतो. गाडी थांबवून सारखा बाथरूमला जातो. चेहरा पांढराफटक पडला आहे, सामान उचलताना धापा टाकतो… वसंतराव, आपण त्याचे दोष सांगता आहात की दुखणं सांगता आहात?

… काय देणार आहात त्याला? विमानाचं तिकीट? अहो, व्हिसा गेला की विमा गेला, हे एवढी वर्षं इथे धंदा करणाऱ्याला मी सांगायचं?

… ठीक आहे. रविवारी मंडळात मोहिमेचा अहवाल मीच वाचणार आहे. हेही वाचीन.

… हो, नावासकट.

… आपली अब्रू! गेलं वर्षभर देवापुढे दिवा लावताना मी एकच मागणं मागते आहे, वसंतराव. काय ते विचारू नका, सज्जनाने मागावं असं ते नाही. आज ते माझ्या पदरात पडलं आहे, आणि आपण म्हणता, सोडून द्या?

… काय म्हणालात?… मी मौन पाळलं तर कॅन्सलेशन थांबवाल. आणि बोलले तर… परवाचं विमान.

… आहे, फोनवरच आहे. थांबा जरा. उर्वी, आजीला पाणी आण बाळ… ‘इन अ मिनिट’ नाही, आत्ता.

… ऐका. मंडळात आपलं नाव माझ्या मुखातून निघणार नाही. ह्या रविवारी नाही, पुढेही कधी नाही. शब्द दिला… आभार मानू नका. हा घोट कसा उतरतो आहे ते माझं मला ठाऊक.

आता झैदला फोन लावा. व्हिसाचे कागद तोच नेतो ना आपल्याकडचे? लावा. मी इथूनच ऐकते.

… उद्या नव्हे, आज… नुसतं ‘इन्शाल्ला’ नको, त्याच्याकडून ‘हो’ घ्या… घेतलंत? अजून दिलाच नव्हता कागद? देवाची कृपा. फाडायला सांगा आणि त्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवा. थांबते मी, मला घाई नाही.

… आला. चार तुकडे. छान.

आता अर्सलानला आत बोलवा आणि फोन त्याच्या हातात द्या… नाही, मीच सांगणार. आपल्यावर सोपवलं तर त्यातही कोटी कराल.

… अर्सलान भाई? मैं कमलिनी, गुणवंतजी के घर से… हाँ, ठीक हूँ बेटा. सुनो. साहब ने जो कंपनी का मेडिकल बोला था, वो कंपनी का नहीं था. जाँच साहब की थी. आपका सैंपल उन्होंने अपने नाम से दे दिया… हाँ. उसमें खून निकला है. साहब का नहीं, आपका… डरना नहीं. अभी कुछ पक्का नहीं है, देखना पड़ेगा… कितने दिन से है ये?… घर पे किसी को बताया?… अच्छा. कल सुबह क्लिनिक जाना है… नहीं, नौकरी नहीं गई. वो कागज़ फट गया, फोटो मेरे पास है. और कल गाड़ी साहब चलाएँगे. आप पीछे बैठना… मज़ाक नहीं कर रही. यल्ला, फोन दो साहब को.

… ओरडू नका, वसंतराव. मंडळात बोलणार नाही, असा शब्द मी दिला आहे, आणि तो पाळीन. परंतु देह त्याचा, रक्त त्याचं. त्याच्यापासून लपवण्याचा शब्द मी कुणालाही दिलेला नाही.

… तो कँपात सांगेल? सांगू दे की. आपल्या सगळ्या साइटवर बभ्रा होईल? होवो. त्याच्या तोंडावर हात ठेवायला मी कोण?

… नर्सचा फोन येईल, तो उचला आणि नमुना कोणाचा हे तिला स्पष्ट सांगा. तिलाही फसवलंत, तर अर्सलानची तपासणी आपल्या नावावर व्हायची… आणि उद्या तिथेच आपणही एक डबी मागून घ्या. ह्या वेळी आतलं आपलं स्वतःचं असू द्या.

… माझा काय स्वार्थ? आहे, स्वार्थ आहे.

… क्षमा? ती माझ्यापाशी नाही हो. ह्यांच्यापाशी होती, फार मोठ्या मनाचे होते ते. उशीर केलात.

मी आपल्याला आशीर्वाद देते. वयाने वडील आहे, तेवढा अधिकार मला आहे. शतायुषी व्हा, वसंतराव… अगदी अंतःकरणापासून. आपली डबी निर्मळ निघो. प्रकृती उत्तम राहो. आणि स्मरणशक्ती तर अखेरच्या दिवसापर्यंत तल्लख राहो.

… का म्हणजे? आपली इतक्या लवकर सुटका व्हावी, असं मला मुळीच वाटत नाही.

ठेवते.