ज्याचे चालते, त्याला विचारा

आजच्या समारंभाचे आणि आपल्या धान खरेदी संघाचेही अध्यक्ष माननीय केशोरावजी, व्यासपीठावरील संचालक मंडळी, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या संगणक विभागाच्या प्रमुख अल्काताई रामटेके, आणि अर्जुनी मोरगावपासून दरेकसापर्यंत प्रत्येक खरेदी केंद्रावर संगणकापुढे बसणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

तुमची सर्वांची नावे मला माहीत आहेत. पण तुम्हा सर्वांना मिळून कार्यालयाने एकच नाव ठेवले आहे. "तू काय केलंस?" हे ते नाव. वीज गेली, तू काय केलंस? इंटरनेट गेले, तू काय केलंस? गोंदियातला सर्व्हर रुसला, तरी पन्नास मैलांवर बसलेल्या तुम्हालाच विचारतात, तू काय केलंस? चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण आपल्या पूर्वजांनी संगणक न पाहता कशी रचली असेल, याचे मला नेहमी नवल वाटते.

निरोपाच्या दिवशी गोड बोलावे, हे मला कळते. अल्काताईंबद्दल मी गोडच बोलणार आहे. पण त्यांचे काम सांगायचे म्हणजे या दिवाळीनंतरची हकीकत सांगावी लागेल, आणि ती सांगताना व्यासपीठावरच्या एकदोघांना खुर्ची जरा टोचेल. त्याला माझा इलाज नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, पण पाहुण्यांसाठी सांगतो. आपल्या केंद्रांवरच्या संगणकांत धान खरेदीचा प्रोग्राम नाही. तो गोंदियाच्या सर्व्हरवर आहे. केंद्रावरून दुरूनच त्या सर्व्हरमध्ये शिरायचे आणि काम करायचे. शिरणाऱ्या प्रत्येक यंत्राला सर्व्हर एक परवाना देतो. संघाने विकत घेतलेले हे परवाने मोजके. परवाना नाही, तर प्रवेश नाही.

खरेदी उघडली त्या सकाळी दरेकसा केंद्रावर रीना उईके यांनी संगणक सुरू केला. बाहेर धानाच्या गाड्या लागलेल्या. पडद्यावर उत्तर आले, या संगणकासाठी परवाना शिल्लक नाही, जोडणी तोडली आहे. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. गाडीवरचा एक म्हातारा खिडकीतून डोकावला आणि म्हणाला, "बाई, तुयं मशीन आमच्या धानाले ओळखत नाही काय?" रीना म्हणाल्या, "बाबाजी, ते तं मलेच ओळखून नाही राहिलं!"

बाकी सगळी केंद्रे सुरू. एकटे दरेकसा बंद. मग काय, निकाल लागलाच! सर्वांचे चालते आणि हिचेच चालत नाही, म्हणजे हिनेच काहीतरी केले. शोध घेतला तर भयंकर गुन्हा सापडला. आदल्या दिवशी रीनांनी पडद्यावर दरेकसाच्या डोंगराचे चित्र लावले होते. डोंगर! एवढा मोठा डोंगर, त्याच्या भाराने सर्व्हर बसला असणार! हसू नका. संध्याकाळच्या आत आदेश निघाला. रीना उईके यांनी संगणकात फेरफार केला, चौकशी होईपर्यंत त्यांनी कामावर येऊ नये.

इथे अल्काताई उभ्या राहिल्या. आणि त्यांनी केले काय? ज्याचे चालत नव्हते, त्याला सगळे विचारत होते. अल्काताईंनी ज्यांचे चालत होते, त्यांना विचारायला सुरुवात केली. मित्रहो, मी आयुष्यभर पुस्तके वाचली, मोर्चे काढले, पण अन्याय शोधण्याची इतकी सरळ वाट मला कुणी दाखवली नव्हती.

पहिला फोन नागरा केंद्रावरच्या चैतराम यांना. "चैतराम, तुया संगणक चालून राहिला ना?"

"एकदम फर्स्ट क्लास, ताई. काऊन?"

"तू काय केला त्याले?"

"मी कायले करू जी? मुन्नालालनं फॉरमॅट मारून देला. पोळ्याले मारला, दसऱ्याले मारला, दिवाळीलेबी मारला. नवरदेवावानी चकाचक आहे!"

मुन्नालालजी म्हणजे आपली यंत्रे दुरुस्त करणारे. ते तिकडे मागे समोसा घेऊन बसले आहेत. खा, मुन्नालालजी, तुमच्यावर राग नाही. अल्काताईंनी त्यांना बोलावले तेव्हा ते काय म्हणाले? "मॅडम, त्योहार पे बोरे झाड़ते हैं, गोदाम झाड़ते हैं, तो कंप्यूटर को काहे छोड़ना?" आता सांगा, यात या माणसाची चूक काढायची कशी? नवे धान येण्याआधी कोठार झाडण्याची आपली रीत त्यांनी संगणकालाही लावली, आणि तीही दर सणाला!

"मंग दरेकसाले काऊन नाही गेले?"

"उधर गाड़ी कितनी रुकती है, मॅडम? सुबह जाओ तो शाम को लौटो. और रीना मॅडम का कंप्यूटर वैसे भी साफ रहता है."

झाले. गाठ सुटली. सगळे पुसून नव्याने बसवलेले यंत्र चाचणीसाठी पुन्हा जोडले की सर्व्हरला ते ओळखू येत नाही. तो म्हणतो, नवा पाहुणा आला, घे परवाना. जुन्या ओळखीवर दिलेला परवाना मात्र मुदत संपेपर्यंत अडकून राहतो. लग्नाच्या पंगतीत एकच गडी पगडी बदलून तीन पत्रावळींवर बसावा, तसे हे. रीनांचे केंद्र उन्हाळी धान संपल्यापासून बंद होते. त्यांच्या यंत्राचा परवाना मुदत संपून परत गेला आणि तोही अशाच कुणी पगडी बदललेल्याने उचलला. ज्यांनी पुसले त्यांचे चालले. जिने जपून ठेवले, ती उपाशी परतली आणि वर चोर ठरली!

अल्काताईंनी अडकलेल्या परवान्यांपैकी काही सर्व्हरवरून रद्द करून मोकळे केले, दरेकसाच्या यंत्रातली परवान्याची जुनी खूण काढली आणि केंद्र सुरू केले. सणासुदीचे फॉरमॅट बंद केले. डोंगराचे चित्र आजही जागेवर आहे आणि सर्व्हर अजून दबलेला नाही.

रीना कामावर परतल्या. पण चौकशी? ती उघडीच आहे. त्यांची नेमणूक या महिन्याअखेर संपते, आणि चौकशी उघडी असेल तर नवी नेमणूक होत नाही, असा आपला नियम. अल्काताई अध्यक्षांच्या दालनात गेल्या तेव्हा मी दाराशीच होतो. केशोरावजी म्हणाले, "अल्काबाई, आता चौकशी मागं घेतली तं लोक म्हणतील, अध्यक्ष चुकला."

ताई म्हणाल्या, "चुकला तं चुकला जी! सर्व्हरबी चुकते, त्याले काढलं काय आपण?"

केशोरावजी, तेव्हा तुम्ही हसलात. आताही हसत आहात. तुमचे मन मोठे आहे हे मी जाणतो. पण हसण्याने फाईल बंद होत नाही.

परवा मी ताईंना विचारले, आपल्या कर्मचारी संघटनेतर्फे तुम्हाला काय द्यावे? त्या म्हणाल्या, "शाल-नारळ राहू द्या. त्या पोरीची चौकशी बंद करा, मंग मी सुखानं जातो." आम्ही शाल दिली, कारण ती आमच्या हातात होती. त्यांनी मागितले ते आमच्या हातात नाही.

ताई, तुम्ही आम्हाला ताठ उभे राहायला शिकवलेत, त्याबद्दल या सभागृहाच्या वतीने तुमचे ऋण मान्य करतो. लोकहो, जेवण थंड होत असताना तुम्ही शांतपणे ऐकलेत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला शब्द लागला असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. मुद्दा मात्र पोटात घालू नका.

अध्यक्ष महोदय, हा माइक मी तुमच्या हाती देतो आहे. रीना उईके यांच्यावरची चौकशी बंद झाली, एवढे एक वाक्य आत्ता, ताईंच्या देखत, जाहीर करा.